सहा नावे, एक पोस्टर

समूह प्रदर्शनाच्या दृश्यओळखीचा विषय आपल्याकडे बहुधा शेवटच्या आठवड्यात निघतो. चित्रे फ्रेमिंगला गेलेली असतात, दालनाचे भाडे भरून झालेले असते, आणि मग कुणाच्या तरी लक्षात येते की निमंत्रणपत्रिका अजून व्हायची आहे. गटात जो कोणी 'कमर्शियल'चा असेल त्याच्या गळ्यात हे काम पडते. तो एका रात्रीत पोस्टर उभे करतो. त्यावर चित्र कुणाचे घेतले, नाव कुणाचे वर आले, कुणाचे बारीक टाइपात गेले यावरून सुरू झालेली कुजबुज मात्र प्रदर्शन उतरल्यावरही थांबत नाही. हे पुस्तक या कामाला पहिल्या बैठकीत आणून बसवते, आणि ते योग्यच आहे. पोस्टर, पत्रिका, कॅटलॉग, भिंतीवरचा मजकूर, चित्राशेजारची चिठ्ठी हे सगळे मिळून त्या गटाची पहिली सामायिक कलाकृती तयार होते. आपण कोणत्या अटींवर एकत्र उभे आहोत हे गट तिच्यात ठरवतो. बोलून ठरवले नाही तर ते आपोआप ठरते, आणि बहुतेक वेळा वाईट ठरते. या प्रस्तावनेत मला मांडायचे आहे ते एवढेच, पण त्याला पुरावा द्यायला हवा.

पुरावा इतिहासात भरपूर आहे. ज्या समूह प्रदर्शनांनी कलेचा इतिहास वळवला त्यांतल्या अनेकांना स्वतःची जागा नव्हती. १८७४ च्या एप्रिलमध्ये पॅरिसमध्ये मोने, रेन्वार, देगा, पिसारो, बेर्त मोरिझो आणि त्यांच्या साथीदारांनी प्रदर्शन भरवले ते नादार या छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत. १८९८ मध्ये व्हिएन्नातल्या सेसेशन गटाचे पहिले प्रदर्शन झाले ते भाड्याने घेतलेल्या उद्यानविद्या संस्थेच्या इमारतीत. त्यांची स्वतःची इमारत त्याच वर्षाच्या अखेरीस उघडली. मुंबईच्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचे पहिले प्रदर्शन जुलै १९४९ मध्ये रॅम्पार्ट रोवरच्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्या दालनात लागले, म्हणजे १८८८ पासून चालत आलेल्या एका जुन्या संस्थेच्या घरात. उसन्या जागेत प्रदर्शन लावणाऱ्याला भिंती काहीच मदत करत नाहीत. आत येणाऱ्याला 'हे कुणाचे, आणि एकत्र का' हे सांगण्याचे सगळे ओझे नावावर, छापील कागदावर आणि अक्षरांवर येते.

पॅरिसच्या गटाने हे ओझे उचलायचे टाळले. प्रदर्शन कापुसीन रस्त्यावर होते, म्हणून देगाने 'कापुसीन' या फुलाचे नाव गटाला द्यावे आणि तेच फूल पोस्टरवर चिन्ह म्हणून घ्यावे, असे सुचवले होते. ते मान्य झाले नाही. नाव घेतले की पंथ होतो, आणि पंथ कुणालाच नको होता. म्हणून नाव ठेवले ते चित्रकार, शिल्पकार, मुद्राचित्रकार वगैरेंची सोसायटी, असे कोरडे, एखाद्या नोंदणीकृत मंडळाला शोभेल असे. परिणाम सर्वांना माहीत आहे. लुई लरॉय या टीकाकाराने मोनेच्या एका चित्राचे शीर्षक उचलून सगळ्या गटाची टर उडवली, आणि आज आपण त्यांना 'इम्प्रेशनिस्ट' या त्याच शब्दाने ओळखतो. देगाला तो शब्द आयुष्यभर आवडला नाही. गटाने आपली ओळख घडवली नाही तर ती कोरी राहत नाही, दुसरा कुणीतरी ती लिहून टाकतो.

व्हिएन्नाच्या मंडळींनी उलट केले. पहिल्या प्रदर्शनाचे पोस्टर गटाचा अध्यक्ष गुस्ताव क्लिम्ट याने स्वतः काढले. वरच्या पट्टीत थीसियस मिनोटॉरशी झुंजतो आहे. उजव्या कडेला ढाल-भाला घेतलेली अथेना बाजूने पाहत उभी आहे. आणि मधला मोठा भाग अगदी मोकळा आहे. त्या काळच्या भरगच्च जाहिरातींत ही मोकळी जागा हीच बातमी होती. तरुण वीर आणि म्हातारा राक्षस यांच्यातली लढाई म्हणजे नवे चित्रकार आणि जुनी अकादमी, हे व्हिएन्नात कुणाला समजावून सांगावे लागले नाही. सेन्सॉरने नग्न थीसियसला हरकत घेतली, तेव्हा क्लिम्टने त्याच्यापुढे झाडांची काळी खोडे उभी करून पोस्टर पुन्हा छापले. मला यातली महत्त्वाची गोष्ट पुढची वाटते: नंतरच्या प्रदर्शनांची पोस्टरे गटातल्या वेगवेगळ्या सभासदांनी केली. कोलोमान मोझर, आल्फ्रेड रोलर यांची पोस्टरे क्लिम्टच्या पोस्टरसारखी दिसत नाहीत, तरी ती एकाच घरातली आहेत हे लगेच कळते. उभट आकार, रिकाम्या जागेचे धाडस, अक्षरांनाच चित्र मानण्याची सवय हे सर्वांचे, आणि हात मात्र प्रत्येकाचा. एका माणसाची शैली गटावर न लादता गट ओळखू यावा, याचे इतके जुने आणि इतके चांगले उदाहरण दुसरे मला माहीत नाही.

मुंबईच्या प्रोग्रेसिव्हांनी ओळख घडवली ती मुख्यतः शब्दांतून. १९४७ मध्ये गट झाला तेव्हा सहा जण होते: सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि शिल्पकार बाकरे. १९४९ च्या कॅटलॉगमध्ये सूझाने लिहिलेले निवेदन गटाची भूमिका म्हणून छापले गेले. त्यात आशय आणि तंत्र या दोन्हींत पूर्ण स्वातंत्र्य मागितले होते. सहा जणांचा रंग वेगळा, विषय वेगळा, आणि सर्वांच्या वतीने बोलणारा आवाज मात्र एकाचा. त्याच वर्षी सूझा लंडनला निघून गेला, पुढच्या वर्षी रझा पॅरिसला. नंतर गायतोंडे, कृष्ण खन्ना, मोहन सामंत यांची नावे गटाशी जोडली गेली, आणि १९५६ च्या सुमारास गट विसर्जित झाला. आवाज एकाच माणसाचा असेल तर तो माणूस गेल्यावर गटाजवळ काय उरते, हा प्रश्न प्रोग्रेसिव्हांच्या कहाणीत स्पष्ट दिसतो.

याच सहा नावांवर एक साधा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे, कारण समूह प्रदर्शनाची सगळी अडचण त्यात सापडते. आडनावांनुसार मराठी वर्णक्रम लावला तर यादी होते: आरा, गाडे, बाकरे, रझा, सूझा, हुसेन. तीच यादी इंग्रजी वर्णक्रमाने लावली की आरा, बाकरे, गाडे, हुसेन, रझा, सूझा. शेवटचे हुसेन एकदम चौथे होतात, आणि गाडे-बाकरे यांची अदलाबदल होते. मराठीतल्या रिवाजाप्रमाणे पहिल्या नावाने लावायचे ठरवले तर कृष्णाजी आरा, फ्रान्सिस सूझा, मकबूल हुसेन, सदानंद बाकरे, सय्यद रझा, हरी गाडे. आता सूझा दुसरा आणि गाडे अगदी शेवटी. तिन्ही क्रम 'निष्पक्ष' आहेत आणि तिन्हींत वेगळ्या माणसाचे नशीब उघडते. पत्रिका दोन भाषांत असेल तर एकाच कागदावर दोन क्रम येतात, आणि पाहणाऱ्याला वाटते की काहीतरी चुकले. आकाराचेही तसेच. सर्व नावे एकाच रुंदीच्या चौकटीत बसवली तर दोन अक्षरी 'आरा' दांडगा दिसतो आणि 'गायतोंडे' आक्रसतो. सर्वांना एकच टाइप दिला तर रुंदी वेगवेगळी होते आणि उजवी कड फाटते. अनुभवी डिझायनर फाटलेली कड पत्करतो. समतेची किंमत थोड्या अव्यवस्थेत मोजायची, असा तो निर्णय असतो. तो पोस्टर करणाऱ्याने एकट्याने घ्यावा, असे मला वाटत नाही.

क्रमाचा आणि अर्थाचा हा जाच टाळायचा म्हणून काही गटांनी मुद्दाम अर्थहीन नाव घेतले. १९६३ मध्ये दिल्लीत ग्रुप १८९० चे एकमेव प्रदर्शन झाले. पंडित नेहरूंनी उद्घाटन केले, आणि तेव्हा भारतात मेक्सिकोचे राजदूत असलेल्या ओक्ताव्हिओ पाझ यांनी कॅटलॉगसाठी लिहिले. जे. स्वामिनाथन, जेराम पटेल, गुलाममोहम्मद शेख, हिंमत शाह यांच्यासह बारा जण होते, अकोल्याचे अंबादासही त्यात होते. १८९० हे वर्ष नव्हते. भावनगरला ज्या घरी गट जमला त्या घराचा तो क्रमांक. आकड्याला बाजू नसते, म्हणून बारा हट्टी माणसे त्याखाली उभी राहू शकली. १९८१ च्या 'प्लेस फॉर पीपल' या प्रदर्शनाने आणखी वेगळी वाट घेतली. भूपेन खख्खर, जोगेन चौधरी, नलिनी मलानी, विवान सुंदरम, गुलाममोहम्मद शेख आणि आपले सुधीर पटवर्धन या सहा जणांना जोडणारा धागा शैलीचा नव्हता, माणसाला पुन्हा चित्रात आणण्याचा होता. शीर्षकाने तो सांगितला आणि गीता कपूर यांच्या कॅटलॉगमधल्या दीर्घ लेखाने तो सिद्ध केला. प्रदर्शन मुंबई आणि दिल्ली अशा दोन शहरांत झाले. या प्रदर्शनाची आठवण आजही त्या शीर्षकानेच निघते.

महाराष्ट्रात या इतिहासाला एक स्वतंत्र उपप्रवाह आहे, आणि तो इथे नीट सांगायला हवा, कारण चित्रकारांच्या इतिहासात तो बहुतेक गळतो. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये कमर्शियल आर्टचा विभाग १९३५ मध्ये सुरू झाला. पुढे त्याची स्वतंत्र उपयोजित कला संस्था झाली आणि व्ही. एन. आडारकर तिचे पहिले अधिष्ठाता झाले. १९४८ मध्ये मुंबईत कमर्शियल आर्टिस्ट्स गिल्ड उभे राहिले, तेच आजचे कॅग. दीनानाथ दलालांनी मुखपृष्ठांतून आणि 'दीपावली'तून घराघरात अक्षर आणि चित्र यांचे नाते रुजवले. कमल शेडगे यांनी नाटकांच्या शीर्षकांना असे चेहरे दिले की वर्तमानपत्रातली जाहिरात दुरून पाहूनही नाटक ओळखावे. र. कृ. जोशींनी सुलेखन, जाहिरात आणि संगणकावरची देवनागरी या तिन्ही ठिकाणी पायाभूत काम केले. विंडोजमधला मंगल हा फॉन्ट त्यांचाच. अच्युत पालव यांनी सुलेखन थेट मैदानात आणि रस्त्यावर नेले. म्हणजे अक्षरातून सामूहिक ओळख घडवण्याची पक्की परंपरा मराठीकडे होती. ती नाटकाला मिळाली, दिवाळी अंकाला मिळाली, साबणाला आणि बँकेलाही मिळाली. चित्रकारांच्या ग्रुप शोला मात्र क्वचित मिळाली. 'फाइन'वाले आणि 'कमर्शियल'वाले एकाच आवारात शिकले, पण एकमेकांच्या कामाकडे त्यांनी पाहुण्यासारखे पाहिले. या दुराव्याचे नुकसान फाइनवाल्यांचे जास्त झाले, असे माझे मत आहे.

जगात दरम्यान विचार पुढे सरकला. बाउहाउसने १९२३ च्या वायमार प्रदर्शनासाठी २० पोस्टकार्डांची मालिका काढली, आणि ती क्ले, कांडिन्स्की यांसारखे गुरू आणि हर्बर्ट बायरसारखे विद्यार्थी यांना सारखीच वाटून दिली. चिन्ह एक नाही, पण उपक्रम एक. स्विस डिझायनर कार्ल गेर्स्टनर यांनी १९६४ मध्ये मांडले की एक उत्तर काढण्याऐवजी उत्तरे देणारा नियम काढावा. जर्मनीतल्या कासेलच्या डॉक्युमेंटा प्रदर्शनात हे स्थित्यंतर डोळ्यांना दिसते. १९७२ च्या पाचव्या प्रदर्शनासाठी एड रुशा यांनी मुंग्यांच्या रांगेतून ५ चा आकडा घडवला; विसरता न येणारे चित्र, एका हाताचे. २०१२ च्या तेराव्या प्रदर्शनाला मिलानच्या लेफ्टलॉफ्टने लोगो दिलाच नाही, फक्त नाव कसे लिहायचे याचा नियम दिला: पहिले अक्षर लहान, बाकीची मोठी, आकडा कंसात, टाइप कोणताही. २०२२ चे पंधरावे प्रदर्शन जकार्ताच्या रुआंगरुपा या गटाकडे होते, आणि तिथल्याच तरुण डिझायनरांनी केलेली ओळख एकमेकांना धरणाऱ्या हातांची होती.

मग धायरीत बसून हे सगळे कशाला हवे? कारण समूह प्रदर्शनाची गरज आता अशाच ठिकाणी सर्वांत जास्त आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ गावे पुणे महापालिकेत आली, त्यांत धायरी होते. धारेश्वराच्या टेकडीखाली गावठाण, एकीकडे डीएसके विश्वसारख्या मोठ्या वसाहती, दुसरीकडे नऱ्ह्याकडे पसरलेली छोटी वर्कशॉपे. शहराची नावाजलेली कलादालने, म्हणजे १९६८ पासूनचे बालगंधर्व रंगमंदिराचे दालन, सुदर्शन, घोले रस्त्यावरचे राजा रविवर्मा, ही सगळी पेठा आणि शिवाजीनगरच्या भागात, सिंहगड रस्त्याच्या गर्दीतून दहा-बारा किलोमीटरवर. इथल्या चित्रकारांनी इथेच एकत्र प्रदर्शन लावायचे म्हटले तर जागा म्हणजे सोसायटीचा हॉल, शाळेचा वर्ग किंवा रविवारी बंद असलेली शेड. अशा जागेत पांढरी भिंत नसते, गॅलरीची पुण्याई नसते. धायरी फाट्यावर उतरलेल्या माणसाला शेडच्या दारापर्यंत आणणारी आणि आत आल्यावर 'हे प्रदर्शन आहे' याची खात्री देणारी एकच गोष्ट, ती म्हणजे दृश्यओळख. नादारच्या स्टुडिओत मोनेच्या गटाची जी गरज होती तीच ही.

शिवाय इथला प्रेक्षक पोस्टर वाचण्यात कच्चा आहे, हा समज सोडून द्यावा. चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स पाहावा. वरच्या ओळीत नेत्यांची डोकी, मध्ये ज्याचा वाढदिवस त्याची पूर्ण छबी, आणि खाली 'शुभेच्छुक' म्हणून छोट्या फोटोंच्या रांगा. कुणाचे डोके किती मोठे, कोण पहिल्या रांगेतून दुसऱ्या रांगेत गेला, यंदा कुणाचा फोटो गाळला, हे वस्तीतला प्रत्येक जण एका नजरेत वाचतो आणि त्यावर दिवसभर बोलतो. आकार आणि क्रम यांतून नाती वाचण्याची इतकी तयार नजर असलेला प्रेक्षक तुमच्या पोस्टरवरही तेच वाचणार. तिथे एका चित्रकाराचे चित्र भलेमोठे आणि बाकी सात नावे तळाशी असतील, तर हे आठ जणांचे प्रदर्शन आहे यावर तो विश्वास ठेवणार नाही, आणि त्याचे बरोबरच असेल.

आणखी एक तातडी तांत्रिक आहे. देवनागरीचे चांगले फॉन्ट आज फुकट मिळतात. मुंबईच्या एक टाइपचे मुक्ता आणि बलू ही दोन नावे पुरेत. पण फ्लेक्सच्या दुकानातला संगणक अजून अनेकदा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टवर चालतो, किंवा सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची सोय सुरूच केलेली नसते. मग 'चित्रप्रदर्शन' हा एकच शब्द चार ठिकाणी मोडतो: पहिली वेलांटी च च्या मागे जाऊन बसते, त्र चे त् आणि र, तसेच प्र चे प् आणि र वेगळे होतात, आणि श वरचा रफार खाली उतरून पाय मोडका र होतो. घाईत कुणी पाहत नाही, आणि दहा फुटी फ्लेक्सवर दहा फुटी चूक टांगली जाते. तयार टेम्प्लेटेही रोमन अक्षरांच्या मापाने केलेली असतात. त्यात मराठी ओतली की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. म्हणून मांडणीची सुरुवात देवनागरीपासून करावी आणि इंग्रजी तिच्या मापात बसवावी, हा या पुस्तकाचा आग्रह मला पूर्णपणे पटतो.

आक्षेप आहेत, आणि ते दुबळे नाहीत. पहिला चित्रकारांचा: चित्राने बोलावे, पोस्टरची उठाठेव हा बाजार आहे. एकल प्रदर्शनात हे बऱ्याच अंशी खरे आहे. समूहात मात्र प्रत्येक चित्र स्वतःपुरते बोलते. ही चित्रे शेजारी का आहेत, हे कुठलेही एक चित्र सांगू शकत नाही. ते सांगायला चित्रांबाहेरचे काहीतरी लागते, आणि भिंतीवरचा क्रम, शीर्षक, अक्षरे हेच ते काहीतरी आहे. दुसरा आक्षेप डिझायनरांचा: आठ जणांना विचारून पोस्टर करायचे म्हणजे सर्वांना चालेल असे, म्हणून कुणालाच न आवडणारे काम. हा धोका खरा आहे, आणि अशी गुळमुळीत पोस्टरे आपण पाहतो. पण ती होतात ती आठही जण रंग आणि फॉन्टवर मत देतात म्हणून. गटाने ठरवायचे ते नियम: क्रम कोणता, चित्र कापायचे की नाही, एकाचे घ्यायचे की सर्वांचे की कुणाचेच नाही, मजकुराखाली सही कुणाची. एवढे ठरल्यावर हात एकाचाच असावा आणि त्याला मोकळे सोडावे. व्हिएन्नाने हेच केले. आज मोबाइलवर मिनिटभरात पोस्टर मिळते म्हणून हा खटाटोप जुना झाला, असेही कुणी म्हणेल. पण यंत्राला वरच्या चार प्रश्नांची उत्तरे कुणीतरी आधी द्यावीच लागतात.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे. चेहरा सामायिक केला की दोषही सामायिक होतो. २०२२ च्या डॉक्युमेंटात तारिंग पादी या इंडोनेशियन गटाच्या २००२ मधल्या एका भव्य फलकावर ज्यूद्वेषी प्रतिमा आढळल्या. फलक आधी झाकला गेला, मग उतरवला गेला, आणि वादाचे सावट शेकडो इतर कलावंतांच्या कामावर पडले. जबाबदार कोण, याचे उत्तर एकमेकांना धरलेल्या हातांच्या त्या चिन्हात नव्हते. याला माझ्याजवळ पूर्ण उत्तर नाही. इतके म्हणता येते की कॅटलॉगमध्ये निवड कुणी केली, मजकूर कुणी लिहिला, मांडणी कुणाची हे नावानिशी छापणे ही निव्वळ सौजन्याची बाब नाही. 'आम्ही'च्या आत कोण काय करतो हे दिसत राहिले पाहिजे, आणि ती सोयसुद्धा दृश्यओळखीतच करावी लागते.

पुस्तक हे सगळे सिद्धान्त म्हणून मांडत नाही. गटाची पहिली बैठक ते भिंतीवरून खिळे काढण्याचा दिवस, या प्रवासात जे निर्णय येतात त्यांच्या बाजूने ते चालते, आणि प्रत्येक ठिकाणी थांबून विचारते की हा निर्णय कुणी घेतला. नमुन्याचे लोगो त्यात नाहीत, ते शोधणाऱ्याची निराशा होईल. खर्चाचे आकडेही मुद्दाम दिलेले नाहीत. छपाईचा चौरस फुटाचा दर पुस्तकापेक्षा लवकर म्हातारा होतो. एका बाबतीत माझा लेखकांशी मतभेद आहे. त्यांचा कल नियमांकडे आहे, ठळक चिन्हाकडे ते संशयाने पाहतात. दोन-तीन प्रदर्शने एकत्र केलेल्या गटाला नियम पुरतात. पण पहिल्यांदाच, अनोळखी वस्तीत, उसन्या शेडमध्ये उभ्या राहणाऱ्या गटाला रुशाच्या मुंग्यांसारखे एखादे ठसठशीत चित्र लागते, आणि ते एका माणसाच्या डोक्यातून येणार असेल तर गटाने ते घ्यावे, फक्त पुढच्या वर्षी ते काम दुसऱ्याकडे जाईल हे त्याच बैठकीत लिहून ठेवावे. गट फुटल्यावर नाव आणि चिन्ह कुणाचे, हा प्रश्नही पुस्तकाने मोकळा ठेवला आहे. प्रोग्रेसिव्हांपासून तो तसाच पडून आहे, आणि त्यावर पुढची आवृत्ती निघेपर्यंत वाचक गटांनी आपापले करार करून पाहावेत, अशी लेखकांची अपेक्षा आहे.

धायरी, पुणे